उघाडी कुणी उघडली

भाईंदरच्या केबिन रोडवर साड्यांच्या दोन मोठ्या दुकानांच्या मधे एक चिंचोळा गाळा आहे. त्यात सुगंधा ब्लाउज शिवते. पन्नाशी कधीच ओलांडलेली, अंगाने काटकुळी, बोलणं तुटक. नवीन गिऱ्हाईक तिला तुसडी समजायचं. "आंटी, सुन रहे हो ना?" असं दोन-दोनदा विचारावं लागायचं. त्याला कारण होतं. दिवसभर तिच्या एका कानात इअरफोन असायचा आणि त्या कानात निकेत बोलत असायचा.

निकेत म्हणजे 'बुरुजावरून' या इतिहासाच्या पॉडकास्टचा निवेदक. टाळेबंदीत गाळा बंद, हाताला काम नाही, तेव्हा भावाच्या मुलीने, इशिताने, तिच्या फोनमध्ये तो लावून दिला होता. "आत्या, तुला झोप येत नाही ना? हे ऐकत पडून राहा." झोप राहिली बाजूला, सुगंधा उठूनच बसली. शाळेत तिला इतिहास कधी आवडला नव्हता. तहाची कलमं आणि लढायांची सालं पाठ करायची आणि परीक्षेत सांडून यायची. इथे हा माणूस पानिपतावरच्या थंडीबद्दल असा काही बोलत होता, की भाईंदरच्या उकाड्यात तिने पदर अंगाभोवती लपेटून घेतला.

तिचा नवरा काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकखाली गेला, तेव्हा लग्नाला जेमतेम काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली ती कायमची. भाऊ मीरा रोडला फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि गावठाणातल्या घरात उरल्या दोघी, सुगंधा आणि तिची आई रखमाबाई. घर, गाळा, गाळा, घर. त्या दिवसांना निकेतच्या आवाजाने एकदम लांबी-रुंदी आली. बाह्या जोडता जोडता ती दिल्लीच्या तख्तापर्यंत जाऊन यायची. हुक लावता लावता वसईचा वेढा पडायचा. फासावर जाणाऱ्या क्रांतिकारकाने आईला काय सांगितलं, हे ऐकताना एकदा तिने एका गुजराती बाईच्या ब्लाउजचा गळा मागे लावायचा तो पुढे लावला. बाई भडकली. सुगंधाने मुकाट्याने उसवून दिला, पण तो भाग काही बंद केला नाही.

तो जे सांगेल ते तिला खरं वाटायचं. खरं वाटायचं म्हणण्यापेक्षा, ते खोटं असू शकतं हे कधी तिच्या मनातच आलं नाही. त्याचा आवाज गंभीर, थोडा खर्जातला. महत्त्वाच्या वाक्याआधी तो क्षणभर थांबायचा. तेवढ्यात सुगंधाचा पाय मशीनच्या पायट्यावर थबकायचा.

एकच गोष्ट तिला टोचायची. या सगळ्यात आपलं गाव कुठे नाही. वसईचा किल्ला आला की ती कान टवकारायची, पण गोष्ट खाडी ओलांडून अलीकडे यायची नाही. ज्यांच्या घरात तलवारी होत्या त्यांना इतिहास, असं ती स्वतःशी म्हणायची. आपल्या घरात काय होतं? टोपल्या, फावडी आणि मीठ.

पण एक गोष्ट होती. तिच्या मावशीची, पोशीची. ती सुगंधाच्या जन्माच्या कितीतरी आधी गेली होती. दर सर्वपित्रीला रखमाबाई तिच्या नावाचं पान वेगळं वाढायची आणि त्या दिवशी जेवायची नाही. लहानपणी सुगंधाने विचारलं तेव्हा आईने एकदा सगळं सांगितलं होतं, आणि वर बजावलं होतं, "भायेर बोलू नको, बाय. आपलीच मानसं हायत."

एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, सुगंधाने हिय्या केला आणि 'बुरुजावरून'ला आवाजी निरोप पाठवला. "दादा, तुम्ही सगळीकडे जाता. आमच्या मिठागरावर पण या. माझ्या आईला एक खरी गोष्ट माहीत आहे." उत्तर आलं नाही. तिला वाईटही वाटलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला कुठला वेळ असणार.

बऱ्याच महिन्यांनी, ती विसरूनही गेल्यावर, फोन आला. "सुगंधाताई? मी निकेत बोलतोय."

तिने चालू मशीन थांबवलं. कानातला आवाज तिचं नाव घेत होता.

तो म्हणाला, मीठ आणि स्वातंत्र्यलढा या विषयावर मालिका करतोय. आईला भेटता येईल का?

तो आला तेव्हा सुगंधाने गाळा बंद ठेवला होता. माणूस वयाने तिशीतला, किरकोळ, टी-शर्टातला. आवाज मात्र तोच. बरोबर रेकॉर्डिंग सांभाळणारी पूर्वी नावाची मुलगी होती. सुगंधाने सुक्या बोंबलाची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं करून ठेवलं होतं. निकेत म्हणाला, "ताई, जेवायचं दुसरीकडे ठरलंय, राग मानू नका," आणि नुसतं पाणी प्यायला. तिने राग मानला नाही.

रखमाबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. कानाने कमी ऐकायची, पण बोलायला लागली की ठणठणीत. पूर्वीने तिच्या पातळाला छोटा माइक लावला. म्हातारीने तो बोटाने चाचपून पाहिला आणि बोलायला सुरुवात केली.

"आमी आगरात मिठाच्या टोपल्या व्हायचो. डोईवर घ्यायची, बांधावरून चालायचं, होडीपाशी नेऊन वतायची. परशाकाका मुकादम व्हता. परशुराम. आमचाच. माज्या बापाचा चुलतभाव. त्यानं एक दिस टोपल्या बदलल्या. नव्या टोपल्या मोठ्या आनि मजुरी तीच. कोनाच्या ध्यानात न्हाय आलं, पोशीच्या आलं. माजी मोठी भैन. तिनं काय केलं, जुनी टोपली मिठानं भरली आनि सगल्यांच्या म्होरं नव्या टोपलीत वतली. नवी भरंना. पोशी बोलली, बगा ग बायांनो, आपल्या मानंवर किती चढवलंय ते."

"वा!" निकेत म्हणाला. "मग?"

"मंग आमी सगल्या बाया आगरात खाली बसलो. जुन्या टोपल्या आना, मंग उठतो. परशाकाका शिव्या देऊन गेला. त्या दिशी उधाणाची भरती व्हती. त्यानं उघाडी उघडली."

निकेतने सुगंधाकडे पाहिलं. ती म्हणाली, "बांधाला लाकडी दार असतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं तेव्हा उघडतात. त्याला उघाडी म्हणतात."

"पानी आलं ते लोंढ्यानं," रखमाबाई पुढे म्हणाली. "आमी कशाबशा बांधावर चढलो. काका वरून हसत व्हता, उठल्या बगा कशा. पोशी उघाडीच्या तोंडाशी चरात उतरली व्हती, पाय धुवाया. मिठानं पाय चिरलेले असायचे ना. तिला कोनी बगितलंच न्हाय. पानी उतरलं तवा गावली. तोंडात सगला चिखल."

निकेतने विचारलं, "पोलीस आले असतील?"

"कंचं पोलीस? बाप बोलला, पाय घसरला म्हनून सांगा. परशा आपला हाय. दुसऱ्या दिशी आमी त्याच मोठ्या टोपल्या उचलल्या."

"आजी, हे साधारण बेचाळीस सालचं ना?"

"न्हाय रे. माजं लगीन झालं त्याच्या आदल्या वर्षीचं. मी एकोनीस वर्सांची व्हते. इंग्रेज कवाच गेला व्हता."

निकेतने मान हलवली आणि वहीत काहीच लिहिलं नाही. सुगंधाला ते तेव्हा खटकलं नाही. तिला वाटलं, सगळं रेकॉर्ड होतंय, लिहायची गरज काय. जाताना त्याने रखमाबाईंच्या पायांना हात लावला. गल्लीच्या तोंडाशी एक मोठी पांढरी गाडी उभी होती. त्यात निकेत आणि पूर्वी बसले. गाडी धर्मेशची होती, हे सुगंधाने ओळखलं.

धर्मेश हा त्या परशुरामाचा नातू. काशीमीऱ्याला त्याचं हॉटेल, वरसाव्याच्या बाजूला गोदामं, आणि आता महापालिकेच्या तिकिटासाठी त्याची धावपळ चालली होती. नाक्यानाक्यावर त्याचे हात जोडलेले फोटो होते. गावात पाहुणा आलाय म्हटल्यावर तो जेवायला घालणारच, असं सुगंधाने स्वतःला समजावलं. पण त्या दिवशी ताटात उरलेल्या भाकऱ्या तिला गिळवेनात.

भाग आला तेव्हा ती गाळ्यात होती. समोर लग्नघरची कामं पडलेली. तिने मुद्दाम दोन्ही कानांत इअरफोन घातले, दारावरचा पडदा ओढला आणि ऐकायला लागली.

"सन एकोणीसशे बेचाळीस," निकेत म्हणाला आणि नेहमीसारखा थांबला. "भाईंदरची खाडी धुमसत होती."

सुगंधाला वाटलं, ही आधीची पार्श्वभूमी असेल. मग घोड्यावर बसलेला गोरा साहेब आला. त्याने गावाचं मीठ जप्त करून आगरात रचून ठेवलं होतं, त्याभोवती बंदूकधारी शिपाई होते. मग आला परशुराम, मिठागराचा वाघ. "त्या रांगड्या भूमिपुत्राने ठरवलं, माझ्या मातीचं मीठ परकीयाच्या ताटात जाणार नाही!" ढोल वाजायला लागले. आणि त्या ढोलांवर सुगंधाच्या आईचा आवाज आला. खराखुरा, थरथरता. "परशाकाका... आमचाच... त्या दिशी उधाणाची भरती व्हती. त्यानं उघाडी उघडली."

तेवढंच. आईची तेवढीच वाक्यं त्याने ठेवली होती.

पुढे खाडीचं पाणी साहेबाच्या मिठावर चालून गेलं. परशुरामाची वीर पुतणी पोशी शिपायांना अडवायला उघाडीच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिथेच तिला वीरमरण आलं. "आणि हे सगळं बांधावरून पाहत होती एक सहा वर्षांची चिमुरडी. तिचं नाव, रखमा." शेवटी आभार. विशेष आभार, माननीय धर्मेशजी आणि परिवार.

पडदा सारून कुणीतरी डोकावलं, "दीदी, मेरा तैयार है क्या?" तिने नुसती मान हलवली. हो की नाही, ते त्या बाईलाही कळलं नसणार.

संध्याकाळी तिने निकेतला फोन लावला. त्याने उचलला, अगदी मायेने बोलला.

"ऐकलंत, ताई? कसा झाला भाग? आतापर्यंतचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला आहे."

"दादा, ते खोटं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळंच. आईने तुम्हाला काय सांगितलं आणि तुम्ही काय लावलंत? परशुरामाने बायकांवर पाणी सोडलं. इंग्रज नव्हता तिथे. गेला होता तो."

"ताई," तो शांतपणे म्हणाला, "सुरुवातीला आपण 'लोककथेवर आधारित' असं म्हटलंय. आणि या घटनेच्या दोन बाजू आहेत. एक तुमच्या आईची, एक धर्मेशजींच्या घरातली. मी ऐकणाऱ्याच्या मनाला भिडेल ती घेतली."

"आई तिथे होती. धर्मेशच्या घरातलं कोण होतं?"

"त्यांचे आजोबा होते ना."

तो समजुतीने सांगू लागला, "हे बघा, गावातल्या गावात मुकादमाने टोपल्या मोठ्या केल्या, हे कोण ऐकणार? असं रोज कुठेतरी होतं. माझा विषय स्वातंत्र्यलढा आहे. आणि मी तुमच्या मावशीचं भलंच केलं. आज पोशीचं नाव हजारो लोकांनी ऐकलं."

"दादा, एक विचारू?"

"विचारा ना."

"पानिपताचं सांगितलंत तुम्ही. त्या क्रांतिकारकाच्या आईचं सांगितलंत. तिथेही असंच होतं का? दोन बाजू, आणि भिडेल ती घेतली?"

तो हसला. फोनवर हसतानाही आवाज तसाच गोड होता. "ताई, तुम्ही फारच मनाला लावून घेतलंत," म्हणाला, आणि दुसरा फोन येतोय म्हणून ठेवून दिला.

त्या दिवसानंतर सुगंधाला स्वतःचीच शरम वाटायला लागली. एवढी वर्षं आपण कानात काय ओतून घेत होतो? शेजारच्या साडीवाल्याला आपण छातीठोकपणे इतिहास सांगायचो, वाद घालायचो, त्यातलं किती खरं? काही खरं असेलही. पण कुठलं, ते तिला आता कळायचा मार्ग नव्हता. जगातल्या एवढ्या मोठ्या इतिहासात एकच गोष्ट तिला घरची म्हणून ठाऊक होती, आणि नेमकी तीच त्याने उलटी सांगितली होती.

तिने त्या भागाखाली लिहिलं, मी रखमाबाईंची मुलगी, हे असं घडलेलं नाही. तासाभरात उत्तरांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, किती पैसे मिळाले? कुणी म्हणालं, हुतात्म्यांवर चिखलफेक करताना लाज नाही वाटत? एकाने तर तिच्या प्रोफाइलवरचा फोटो उचलून त्यावर 'इंग्रजांची नात' असं लिहून फिरवला. रात्री भावाचा फोन आला.

"सुगंधा, काढून टाक ते. गावठाणाच्या घराचे कागद धर्मेशच बघतोय आपले. तुला मावशीची एवढी काय पडलीय? तू तिला बघितलंस तरी कधी?"

तिने लिहिलेलं काढून टाकलं.

आईला तिने काही सांगितलं नव्हतं. म्हातारीला धक्का बसेल, या वयात झेपणार नाही, असं तिला वाटलं. पण आठवड्याभरात धर्मेश स्वतःच घरी आला. हातात मिठाईचा खोका, मागे दोन-तीन पोरं. दारातच चपला काढून तो रखमाबाईंच्या पायाशी बसला.

"आत्या, तुझा आवाज सगल्या महाराष्ट्रानं ऐकला. ऐकलास का तू?"

त्याने आपल्या फोनवर भाग लावला, आवाज पूर्ण मोठा केला आणि फोन म्हातारीच्या कानाशी धरला. सुगंधा चुलीपाशी उभी होती. तिला वाटलं, आता आई याला हाकलून देईल. गेली सत्तर वर्षं तिने धर्मेशच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं. परशुराम मेला तेव्हा सगळं गाव अंत्ययात्रेला गेलं, रखमाबाई गेली नव्हती.

रखमाबाई शेवटपर्यंत ऐकत राहिली. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. पोशीचं नाव आलं तेव्हा तिने हाताने पदर सारखा केला. भाग संपला.

"तुजा सत्कार ठेवलाय, आत्या," धर्मेश म्हणाला. "मैदानावर. निकेतसर येनार हायत. आपल्या परशुराम आजाच्या नावाचा चौक होतोय. खाली पोशीआत्याचं पन नाव टाकू."

"धर्मेश," सुगंधा पुढे आली, "तुला ठाऊक आहे काय झालं होतं ते."

त्याने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडी दयाच होती. "सुगंधाताय, आजा पन गेला, पोशीआत्या पन गेली. ह्याच्यात वाईट कोनाचं झालं, सांग ना. आपलंच नाव मोठं होतंय."

"आये, तू सांग याला."

रखमाबाईने डोळे उघडले. "कंच्या दिशी हाय सभा?" तिने विचारलं.

सभेला चांगली गर्दी होती. स्टेजवर निकेत, धर्मेश, पक्षाची दोन मोठी माणसं आणि मधल्या खुर्चीवर शाल पांघरलेली रखमाबाई. सुगंधा खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. आपण आलो नसतो तरी चाललं असतं, पण आईला स्टेजच्या पायऱ्या चढवायला कुणीतरी हवं होतं.

निकेतने माइक हातात घेतला, आणि भोवतालचे लोक एकदम गप्प झाले. सुगंधाला तो गप्पपणा ओळखीचा होता. तीही असंच गप्प व्हायची. त्याने म्हातारीला विनंती केली, आजी, दोन शब्द बोला.

"मी सा वर्सांची व्हते," रखमाबाई म्हणाली.

सुगंधा खुर्चीत पुढे सरकली.

"बांधावर उभी व्हते. गोरा सायब घोड्यावर बसून आला. हातात चाबूक. परशाकाका बोलला, आमचं मीठ न्हाय देनार. माजी भैन पोशी म्होरं झाली. तिच्या अंगावर लाल लुगडं व्हतं. तिनं उघाडीला हात लावला नि बोलली, आदी मला मारा."

चाबूक निकेतच्या भागात नव्हता. लाल लुगडंही नव्हतं. ते म्हातारीने स्वतःच्या मनाने घातलं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. रखमाबाई त्या टाळ्यांकडे बघत होती, आणि सुगंधाने आईचा चेहरा असा उजळलेला आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, सुगंधाने विचारलंच.

"आये, का बोललीस तसं?"

म्हातारी सुपारी कातरत होती. "कसं?"

"तुला ठाऊक आहे. तू एकोणीस वर्षांची होतीस. तू तिला चिखलातून बाहेर काढलंस. तू मला सांगितलं होतंस."

"व्हय. सांगितलं व्हतं."

"मग? ज्याने तिला मारलं त्याला तू काल वाघ केलंस. लोकांसमोर."

रखमाबाईचा अडकित्ता थांबला. ती लेकीकडे न बघता म्हणाली, "पोशी कशापायी मेली, सांग मला. टोपलीपायी. टोपल्या तरी बारक्या झाल्या का? न्हाय झाल्या. मीच व्हायल्या त्या, पोटुशी व्हते तवा पन. माजा बाप तिच्या बाराव्याला त्या परशाच्याच शेजारी जेवायला बसला. कोनी तिचं नाव घेतलं न्हाय. ती फुकट मेली. सत्तर वर्सं ती फुकट मेलेलीच व्हती. आता ती देशासाठी मेली. तुला काय त्रास हाय?"

"पण ते खरं नाही ना, आये."

"खरं मी सत्तर वर्सं ठेवलं घरात. काय झालं त्याचं?" म्हातारीने सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "तू शिव तुजे बिलाऊज. माज्या भैनीचं मी बघीन."

सुगंधा उठून गाळ्यावर गेली. संध्याकाळपर्यंत तिने एकही टाका धड घातला नाही. आईचं चुकलं असं म्हणावं तर तोंडातून शब्द निघेना, आणि बरोबर म्हणावं तर जीभ वळेना. सगळ्यात कडू हे होतं, की निकेत फोनवर जे म्हणाला होता, मावशीचं भलंच केलं, तेच आता आई म्हणत होती.

चौकात पाटी लागली. स्वातंत्र्यसेनानी परशुराम चौक. पोशीचं नाव खाली होतं, पण पाटीसमोर लगेच एका मोबाइलच्या दुकानाचा बोर्ड आला आणि खालची ओळ त्याच्या मागे गेली. धर्मेशला तिकीट मिळालं. त्या सर्वपित्रीला रखमाबाईने पोशीचं पान वाढलं आणि प्रथमच ती स्वतःही जेवली. सुगंधा त्या दिवशी उपाशी राहिली. आईच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे.

पावसाळा सरल्यावर शाळेची मुलं आली. नीलिमा नावाच्या बाई त्यांना घेऊन आल्या होत्या, 'आपल्या परिसराचा इतिहास' असा काहीतरी प्रकल्प होता. रखमाबाई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. आवाज बारीक झाला होता, मधेच दम लागायचा. नीलिमाबाई सुगंधाला म्हणाल्या, "आजींना त्रास नको. तुम्हीच सांगा ना थोडक्यात. पोशीताई कशा गेल्या?"

मुलं जमिनीवर बसली होती, पेन्सिली तयार होत्या. सुगंधाने एकदा आईच्या खाटेकडे पाहिलं. म्हातारी डोळे मिटून पडली होती, झोपली असावी. ही मुलं होती. यांना कुणी अजून काही भिडवलेलं नव्हतं. यांना तरी सांगावं.

"ऐका हं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तेव्हा देश स्वतंत्र झालेला होता. इंग्रज नव्हते. परशुराम मिठागराचा मुकादम होता, आणि बायका डोक्यावरून मीठ वाहायच्या. एक दिवस त्याने त्यांच्या टोपल्या मोठ्या केल्या..."

"पण पॉडकास्टमध्ये तर—" एक मुलगी म्हणाली.

"पॉडकास्टमध्ये चूक आहे, बाळा. खरं असं झालं, की बायका कामाला उठत नव्हत्या म्हणून परशुरामाने—"

"खोटं बोलते ती."

सगळ्यांनी वळून पाहिलं. रखमाबाईने खाटेवर कोपरावर भार देऊन मान वर केली होती. डोळे लख्ख उघडे होते.

"आये..."

"तिचं ऐकू नका, पोरांनो," म्हातारी दम खात म्हणाली. "तिला काय ठावं? ती तवा जन्मली पन नव्हती."

मुलांमध्ये खसखस पिकली. नीलिमाबाईंनी सुगंधाकडे पाहून ओशाळं हसू केलं, मग मुलांना म्हणाल्या, "आजी स्वतः तिथे होत्या ना. आजी सांगतात तेच लिहा." आणि पोरांनी माना खाली घालून लिहायला सुरुवात केली.